सांधा आखडतो म्हणजे काय होते?

‘कंबर धरली’, ‘मान आखडली’, ‘मूठ वळत नाही’, ‘अंग जखडले’, ‘पाठीत उसण भरली’. एकाच प्रकारच्या तक्रारीसाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा! गोवंडीतल्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर सकाळी अर्धा तास बसलात, तर यांतले निम्मे तरी कानांवर पडतील, आणि शेजारची बाई तीच गोष्ट हिंदीत ‘जकडन’ म्हणून सांगेल. घरी मात्र आपण ‘वय झाले’ किंवा ‘हवा बदलली’ एवढे म्हणून ती सोडून देतो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला असे सोडून देणे जड जाते. काही हलत नाही असे कोणी म्हटले, की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, अडवते आहे कोण?

आपण आधी दाराचे उदाहरण घेऊ. दार जड उघडते, याला चार कारणे असू शकतात. बिजागरीला गंज चढला असेल, तर घर्षण वाढलेले असते. दार कुठूनही कुठेही न्या, सारखेच कुरकुरते. बँकेच्या दाराला वरच्या बाजूस तेल भरलेला दट्ट्या असतो. असे दार हळू ढकलले तर सहज जाते, झटका दिला की अडते. हा श्यानतेचा, म्हणजे द्रवाच्या चिकटपणाचा, विरोध होय. तो वेगावर अवलंबून असतो. तिसरे दार स्प्रिंगचे. ते जितके जास्त उघडाल तितका जोर जास्त लागतो, आणि सोडले की परत येते. ही स्थितिस्थापकता. चौथे कारण सर्वांत साधे आहे. पलीकडून कोणीतरी दार धरून ठेवले आहे!

तुमच्या शरीरातला प्रत्येक सांधा हे असेच एक दार आहे आणि त्याला हे चारही अडथळे होऊ शकतात. डॉक्टर रोग्याला ‘हात सैल सोडा’ असे सांगून त्याचे कोपर स्वतः वाकवून पाहतात, तेव्हा ते नकळत हाच पदार्थविज्ञानाचा प्रयोग करीत असतात.

आता प्रत्यक्ष सांधा पाहू. देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला, तो आमच्या गोवंडीला लागूनच आहे. त्यामुळे इथे नमुना मिळवणे अवघड नाही. ज्यांच्या घरी चालत असेल त्यांनी मटणाच्या दुकानातून बोकडाच्या पायाचा सांध्यासकट तुकडा आणावा. हाडाच्या टोकावर निळसर पांढरे, काचेसारखे चकचकीत आवरण दिसेल. ती कूर्चा. ओल्या कूर्चेवरून बोट फिरवा, ते निसटते. दोन कूर्चा एकमेकींवरून सरकतात तेव्हा घर्षणांक सुमारे ०.०१, कधी त्याहूनही कमी भरतो. बर्फावर बर्फ घासला तरी सामान्यतः याहून जास्त घर्षण होते. (नंतर हात साबणाने धुवावेत, हे सांगायला नको.)

हा गुळगुळीतपणा कोणत्या ओझ्याखाली टिकतो तेही पाहण्यासारखे आहे. बदललेल्या गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यातच बलमापक बसवून शास्त्रज्ञांनी मोजमापे केली आहेत. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल येते, आणि जिना उतरताना सुमारे साडेतीनपट. स्नायूही हाडांना एकमेकांवर दाबतात, म्हणून हा आकडा वजनाहून मोठा. गोवंडी स्थानकाचा पूल उतरणारी बाई ६० किलो वजनाची असेल, तर प्रत्येक पायरीला तिच्या एका गुडघ्यावर सुमारे २१० किलो वजनाइतका दाब येतो. पूल चढताना नव्हे, उतरताना आजी कठडा का धरते, याचे उत्तर यात आहे.

तर मग निरोगी सांध्याला थोडाफार विरोध असतो तो कशाचा? हा प्रश्न १९६०च्या सुमारास रिचर्ड जॉन्स आणि व्हर्ना राइट या दोघांनी हाती घेतला. मांजराच्या मनगटाच्या सांध्यावरील एकेक थर दूर करीत त्यांनी विरोध किती घटतो ते मोजले. १९६२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे: सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे संधिकोश, ४७ टक्के, स्नायू ४१ टक्के, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा १० टक्के, आणि त्वचा २ टक्के. कूर्चेच्या घर्षणाला या हिशेबात जवळजवळ स्थानच नाही. माणसाच्या बोटावरही त्यांनी प्रयोग केले. तिथेही स्प्रिंगसारखा विरोध सर्वांत मोठा निघाला आणि घर्षण नगण्य ठरले. म्हणजे ‘सांधे गंजले’ हा आपला वाक्प्रचार निदान निरोगी सांध्याबाबत चुकीचाच म्हणायचा. बिजागरी बहुधा ठीक असते. अडवतो तो भोवतालचा मऊ भाग.

‘सांध्यातले वंगण आटले’ असेही लोक म्हणतात. या वंगणाला संधिद्रव म्हणतात. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातही तो चहाच्या चमचाभराहून कमीच असतो. तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दाट व तार धरणारा असतो. हायलुरॉनिक आम्लाच्या लांबलचक रेणूंमुळे हा गुण त्याच्यात येतो. गंमत अशी, की सांध्याची हालचाल जलद झाली म्हणजे हा द्रव पातळ होतो, थांबली की पुन्हा दाट. आता विचार करा. सांध्याला सूज आली आणि तो आखडला, तर आतला द्रव दाट झाला असेल की पातळ? वर्गात विचारले तर बहुतेक मुले ‘दाट’ म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे. सुजलेल्या सांध्यातून सुईने काढलेल्या द्रवाची तार धरत नाही, तो पाण्यासारखा टपकतो. लांब रेणू तुटलेले असतात. वंगण पातळ होऊनही सांधा जड झालेला असतो!

याचे कारण दाह. सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि संधिकोशाची पिशवी तट्ट फुगते. फुगवलेला फुगा वाकवून पाहा, म्हणजे कल्पना येईल. रात्रभर हालचाल नसते, त्यामुळे साचलेले पाणी तिथेच राहते. हालचालीने ते लसिकावाहिन्यांत ढकलले जाते. त्यातच रात्रीच्या उत्तरार्धात दाह वाढवणारी इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये रक्तात वाढतात. दाह आवरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटे वाढू लागते खरे, पण या रोगात ते पुरे पडत नाही. म्हणून आखडण्याचा जोर सकाळी सर्वांत जास्त. येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. यंत्राने मोजलेला विरोध आणि रोग्याची तक्रार यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. वेदना, सूज आणि अशक्तपणा हे सगळे मिळून रोग्याला ‘जखडल्यासारखे’ वाटते.

आणि म्हणूनच या तक्रारीचे सर्वांत उपयुक्त मोजमाप बलमापकाने होत नाही, ते घड्याळाने होते.

समजा, पस्तीस वर्षांची एक गृहिणी आहे. पहाटे पाच वाजता नळाला पाणी येते म्हणून ती उठते. हंड्याची कड बोटांत धरवत नाही, पिळे पिळवत नाहीत, कणीक मळवत नाही. दोन्ही हातांची बोटे सारखीच सुजलेली. सात-साडेसातला हात मोकळे होतात आणि मग दिवसभर ती कामाला लागते, म्हणून घरातले म्हणतात, ‘सकाळी थंडीने होते, मग बरे असते.’ दुसरीकडे तिच्या सासूबाई. त्यांचेही गुडघे सकाळी धरतात, पण मोरीपर्यंत चार फेऱ्या झाल्या की सुटतात. दुपारी तासभर बसून उठल्या की पुन्हा चार पावले अडखळतात आणि संध्याकाळी चालून चालून जास्त दुखतात. घरच्यांच्या दृष्टीने आजारी सासूबाई; सूनबाई तरुण, तिला काय झाले आहे! घड्याळ मात्र वेगळे सांगते. सासूबाईंचा वेळ दहा-पंधरा मिनिटे, सूनबाईंचा दोन तासांहून अधिक.

अर्ध्या तासाच्या आत सुटणारे आणि कामाने वाढणारे आखडणे बहुधा झिजेच्या संधिवातात असते. त्यात कूर्चा झिजते. तासाभराहून अधिक टिकणारे, विश्रांतीने वाढणारे आणि हालचालीने कमी होणारे आखडणे दाहाच्या रोगात असते. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा रोग आमवात. यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट आढळतो. अमेरिकन वैद्यांनी १९८७ साली आमवाताच्या निदानाची जी यादी केली, तिच्यात ‘सकाळचे आखडणे, निदान एक तास’ ही पहिलीच कसोटी होती. २०१० च्या नव्या यादीत ती नाही. तिथे सुजलेल्या सांध्यांची संख्या, रक्ततपासण्या आणि तक्रार किती आठवडे टिकली याला महत्त्व दिले आहे. पण रक्त तपासायला मुळात रोग्याने दवाखान्यात जावे लागते, आणि जायचे की नाही हे ठरवायला घरात घड्याळच असते.

घाई कशाची, असे तुम्ही विचाराल. आमवातात हाडाची टोके कुरतडली जाऊ लागतात, ती अनेकांच्या बाबतीत पहिल्या दोन वर्षांतच. वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. वाकडी होण्यापूर्वी औषध सुरू झाले तर मात्र हात वाचतात. मेथोट्रेक्सेट हे त्यातले प्रमुख औषध महाग नाही. ते आठवड्यातून एकदाच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. याउलट, दोन दिवसांत गुण देणाऱ्या नावगाव नसलेल्या पुड्या मिळतात. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड आढळले आहे. सूज उतरते, रोग्याला आनंद होतो आणि सांधा आतून कुरतडला जात राहतो.

असे रोगी किती, हे आपल्याकडे एका गावाने दाखवून दिले आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या जलाशयाकाठी भिगवण आहे. रोहित पक्षी पाहायला लोक जातात तेच. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेने १९९६ पासून तिथे घरोघर जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढांना विचारले, तेव्हा ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे-स्नायूंची काही ना काही तक्रार निघाली. दर दोनशे प्रौढांत साधारण एकाला आमवात होता. हा आकडा लहान वाटेल, पण एखाद्या मोठ्या इमारतीत चारशे प्रौढ राहत असतील, तर या हिशेबाने तिथे दोन जण निघतील.

तरुण मुलांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कमरेचे आखडणे तीन महिन्यांहून अधिक टिकले, सकाळी जास्त असले, झोपून राहिल्याने वाढले आणि व्यायामाने कमी झाले, तर ती ‘जड दप्तराने दुखते’ अशी गोष्ट नसू शकते. कण्याचा एक दाहरोग विशी-तिशीत सुरू होतो आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास मणके एकमेकांना जोडले जाऊन पाठीचा बांबू होतो.

केवळ घड्याळ पाहूनही फसायला होते. चिकुनगुन्या घ्या. हे नाव पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतले असून त्याचा अर्थच ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. १९५२-५३ मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, ही साथ प्रथम नोंदली गेली. भारतात ती १९६३ साली कलकत्त्यात आणि १९७३ साली आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आली, आणि मग तीस वर्षांहून अधिक काळ जणू नाहीशी झाली. २००५ च्या अखेरीस ती परतली. २००६ साली देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रोगी नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्रातले पुष्कळ होते. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काहींचे महिनोन्‌महिने सकाळी आखडलेले राहतात, अगदी आमवातासारखे. तेव्हा ‘आधी जोराचा ताप येऊन गेला होता का?’ हा प्रश्न घड्याळाच्या जोडीला हवाच. हा विषाणू डेंग्यूच्याच डासाकडून येतो आणि तो डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंपांवर झाकण हवे ते यासाठी.

आता चौथे दार, पलीकडून कोणीतरी धरलेले. येथे सांधा निर्दोष असू शकतो. अडवतात ते स्नायू.

गोवंडी-शिवाजीनगर भागात क्षयरोग हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण तो खोकल्याचाच रोग आहे अशी समजूत असते. क्षय हाडांत आणि सांध्यांतही होतो, आणि हाडांच्या क्षयात निम्मे रोगी पाठीच्या कण्याचे असतात. रोगट मणका हलू नये म्हणून भोवतालचे स्नायू रात्रंदिवस पहारा देतात आणि पाठ फळीसारखी ताठ होते. मुलांच्या बाबतीत एक जुनी आणि सुंदर चाचणी आहे. जमिनीवर नाणे टाकून उचलायला सांगायचे. निरोगी मूल पाठीत वाकून उचलते. कण्याचा क्षय असलेले मूल पाठ सरळ ठेवून, गुडघे मोडून, उकिडवे बसून उचलते. सांध्याचा क्षय झालेले मूल कधी कधी रात्री झोपेतून किंचाळून उठते. झोपेत स्नायूंचा पहारा सैल होतो, सांधा हलतो आणि कळ येते. मूल वाकत नाही, बारीक ताप येतो, वजन घटते, असे दिसले तर वाट पाहू नये. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि वेळेवर घेतली तर रोग बरा होतो.

धनुर्वाताचे नावच बोलके आहे. जखमेतून शिरलेल्या जंतूचे विष मज्जासंस्थेतील ‘थांबा’ म्हणणारे संदेश बंद पाडते. सगळे स्नायू एकदम आकसतात, प्रथम जबडा जखडतो आणि पुढे शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. यावरची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा टोचून घ्यायची असते. तुमची घेऊन झाली आहे का? मेंदूच्या आवरणाला सूज आली की मानेचे स्नायू असाच पहारा देतात; भरपूर ताप, डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकत नाही, अशी अवस्था असेल तर ती उसण समजू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

पक्षाघातानंतर ताठरलेला हात आणि कंपवाताने ताठरलेला हात यांतला फरक मला विशेष आवडतो, कारण तो निव्वळ पदार्थविज्ञानाचा आहे. पक्षाघाताचा हात डॉक्टरांनी सावकाश उघडला तर बराचसा उघडतो, झटक्याने उघडू गेले की अडतो. बँकेच्या दाराचा दट्ट्या! तेल मात्र इथे कुठेच नाही. वेगाला विरोध करते ती मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया. कंपवातात हळू ओढा की जोरात, विरोध सारखाच, शिशाची नळी वाकवावी तसा. आणि कंप असेल तर दातेरी चाक फिरवल्यासारखा टकटक हिसके देत हात येतो. खांदा जखडतो तेव्हा आणखी तिसरेच दिसते. रोग्याने उचलला तरी हात ठरावीक उंचीपुढे जात नाही आणि डॉक्टरांनी उचलला तरी जात नाही, कारण संधिकोशच आकसलेला असतो. मधुमेह्यांत हे अधिक आढळते. खांद्याच्या तक्रारीवर डॉक्टर साखर तपासायला का सांगतात हे आता तुमच्या लक्षात येईल.

जॉन्स आणि राइट यांच्या बोटाच्या प्रयोगाची साधी आवृत्ती तुम्ही शाळेत करू शकाल. मित्राचा हात तळवा खाली करून टेबलावर ठेवा. तर्जनीच्या टोकाशी रुंद फितीचा फास अडकवा. फितीला दोरा बांधून तो वर आडव्या धरलेल्या गुळगुळीत दांडीवरून पलीकडे न्या व टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. मित्राने बोट पूर्ण सैल सोडायचे. पिशवीत एकेक नाणे टाकत जा आणि बोटाचे टोक किती मिलिमीटर उचलले ते पट्टीने मोजा. बोट अर्ध्या वाटेपर्यंत आले की थांबा आणि एकेक नाणे काढत परतीची मापे घ्या. मग हात पाच मिनिटे माठातल्या गार पाण्यात ठेवून सगळे पुन्हा, त्यानंतर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात ठेवून पुन्हा. जॉन्स आणि राइट यांना उबेने विरोध सुमारे एक पंचमांश घटलेला आढळला होता. तुम्हाला किती मिळतो पाहा. वजन आणि उंची यांचा आलेख काढलात तर जाण्याची रेषा आणि येण्याची रेषा एकमेकींवर बसणार नाहीत, मध्ये एक चिंचोळी जागा राहील. तिचे क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीत उष्णतेच्या रूपाने खर्ची पडलेली ऊर्जा. दांडीवरच्या दोऱ्याच्या घर्षणाचाही तीत वाटा असतो. तो वेगळा कसा काढायचा ते तुम्हीच ठरवा. दुखऱ्या किंवा सुजलेल्या बोटावर मात्र हा प्रयोग करू नये.